छोट्या पिकअपचा मागचा एक्सल बदलताना: कमी खर्चातल्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

मागून येणारा घोंघावणारा आवाज आता दुर्लक्ष करण्यापलीकडे गेलाय. अॅक्सिलरेटर सोडला की आवाज चढतो, दाबला की खालच्या पट्टीत जातो. चाकाच्या बेअरिंगचा आवाज असा पायाच्या तालावर नाचत नाही, तो वेगासोबत चढतो आणि वळणावर बदलतो. पायाबरोबर बदलणारा आवाज म्हणजे क्राऊन-पिनियन (इंजिनाची फिरकी मागच्या चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी, छोटा पिनियन आणि मोठं क्राऊन व्हील) किंवा पिनियनचं बेअरिंग. गाडी स्टँडवर घेतली, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा लांब दांडा) सोडवला आणि पिनियनची चकती हातात धरून वर-खाली हलवली. खडखड हाताला लागली. तिथे अजिबात प्ले, म्हणजे ढिलेपणा, असायला नको.

गाडी १९९९ ची फोर्ड रेंजर, दोन चाकांवर चालणारी, आखूड चेसिसची. मागे ७.५ इंची एक्सल, गुणोत्तर ३.४५, म्हणजे चाकाच्या एका फेरीला पिनियनच्या ३.४५ फेऱ्या. हा एक्सल हलक्या कामासाठी चांगलाच आहे. माझं काम हलकं राहिलेलं नाही: हौदात जवळजवळ रोज वजन, मागे अधूनमधून ट्रेलर.

दोन वाटा आहेत. एक, हाच एक्सल पूर्ण उघडून नवीन क्राऊन-पिनियन, सगळी बेअरिंगं, शिम्स (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) घालायचे. यात सुट्या भागांपेक्षा जुळवणीची मजुरी जड जाते, कारण पिनियनची खोली आणि दातांमधला बॅकलॅश, म्हणजे मोकळीक, जमवायला हत्यारं आणि सवयीचा हात, दोन्ही लागतात. दुसरी वाट, भंगारातून एखादा मोठा एक्सल अखंड आणायचा आणि आतल्या जुळवणीला हातच लावायचा नाही. कारखान्यात एकदा जुळलेले आणि हजारो किलोमीटर एकमेकांवर घासून बसलेले दात ही त्या एक्सलमधली सगळ्यात महागडी गोष्ट असते, आणि ती आपल्याला भंगाराच्या भावात मिळते. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. खर्च वाचवायचा तो इथे.

११ जानेवारी

आजचा दिवस कागदावर गेला. उमेदवार ठरला: १९९५ ते २००१ मधल्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची एक्सल. हा आकडा क्राऊन व्हीलच्या व्यासाचा. ७.५ म्हणजे १९०.५ मिमी, ८.८ म्हणजे साधारण २२३.५ मिमी. या एक्सप्लोररच्या एक्सल शाफ्टला ३१ स्प्लाइन (टोकावरच्या लांबट खाचा), माझ्या जुन्याला २८. हौसिंगच्या, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या, नळ्यांचा बाहेरचा व्यास ३.२५ इंच, म्हणजे ८२.५ मिमी. १९९५ पासून मागे डिस्क ब्रेक. चाकाचे बोल्ट पाच, ११४.३ मिमीच्या वर्तुळावर, माझ्या गाडीसारखेच. म्हणजे रिमचा खर्च शून्य.

एक्सल माझ्या जुन्यापेक्षा साधारण इंचभर रुंद आहे, दर बाजूला अर्धा इंच. तेवढं मडगार्डच्या आत सहज मावतं.

खरी मेख कमानपाट्यांची आहे. रेंजरचे पाटे एक्सलच्या वर बसतात, एक्सप्लोररचे खाली. म्हणजे हौसिंगवरच्या पाट्यांच्या बैठका कापायच्या आणि वरच्या अंगाला नवीन वेल्ड करायच्या. ज्यांना वेल्डिंग टाळायचं असेल त्यांनी ४.० लिटर इंजिनाच्या रेंजरचा ८.८ शोधावा. त्याच्या बैठका मूळ जागीच असतात, एक्सल सरळ बोल्टवर चढतो. पण त्याला ड्रम ब्रेक येतात, शिवाय असे एक्सल भंगारात फार काळ पडून राहत नाहीत. मला डिस्क हवे आहेत.

गुणोत्तराचा हिशेब. टायरचा व्यास ७११ मिमी धरला, तर एका फेरीत २.२३ मीटर. ताशी ९० किमीला चाक मिनिटाला ६७१ फेऱ्या मारतं. टॉप गिअर ०.८ धरला तर ३.४५ वर इंजिन १,८५० च्या आसपास फिरतं, ३.७३ वर २,००० च्या आसपास. आठ टक्के फरक. चढावर वजन घेऊन चाललो की मी नाहीतरी टॉपमधून खाली उतरतोच, त्यामुळे हा फरक मला हवाच आहे. ४.१० घेतला असता तर रिकाम्या गाडीत रोजचं पेट्रोल उगाच जळलं असतं. चारचाकी ड्राइव्हची गाडी असेल तर ही मोकळीक नसते. तिथे पुढचं आणि मागचं गुणोत्तर एकच असावं लागतं, नाहीतर कोरड्या रस्त्यावर ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीचा) जीव जातो.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो, कारण हा गैरसमज सगळीकडे दिसतो. जाड एक्सल घातला म्हणून गाडीची वजन वाहण्याची अधिकृत मर्यादा वाढत नाही. चेसिस, पाटे, टायर, पुढचे ब्रेक, सगळं तेच आहे. मी एक्सल बदलतोय तो आहे त्या वजनाखाली टिकावा म्हणून. शिवाय असा बदल आपल्या भागातल्या नियमांत बसतो का, हे एक्सल विकत घ्यायच्या आधी विचारून घ्यायचं.

१८ जानेवारी

एक्सल मिळाला. डिफरन्शियलच्या (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या मधल्या भागाच्या) मागच्या झाकणाच्या बोल्टाला फोर्डची पत्र्याची छोटी पट्टी अडकवलेली असते. मातीखालून ती पुसून काढली तर तिच्यावर ३एल७३. मधलं ‘एल’ म्हणजे लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरत राहू न देणारं डिफरन्शियल), बाकीचं ३.७३. पण पट्टी कोणीही बदलू शकतं. दोन्ही चाकं अधांतरी असताना पिनियनच्या चकतीवर खडूची खूण केली आणि चाक एक पूर्ण फेरी फिरवलं. चकती पावणेचार फेऱ्यांच्या किंचित आत थांबली. दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरली, म्हणजे लिमिटेड स्लिपच्या आतल्या चकत्यांत जीव आहे. त्या पार झिजल्या असत्या तर साध्या डिफरन्शियलसारखी चाकं उलटसुलट फिरली असती.

मग झाकणाचा खालचा बोल्ट सैल करून थोडं ऑइल हातावर घेतलं. काळं होतं, पण जळका वास नव्हता, दुधाळपणाही नव्हता. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी गेलेलं असतं. तसा एक्सल फुकट मिळाला तरी उचलू नये, बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडलेले असतात.

सोबत काय काय उतरवून आणलं: दोन्ही कॅलिपर ब्रॅकेटसकट, हँडब्रेकच्या मागच्या केबल्स, एक्सलवरच्या ब्रेकच्या नळ्या, मधला जोड-ठोकळा त्याच्या बोल्टसकट, आणि एबीएसच्या सेन्सरचा प्लग वायरच्या चांगल्या वीतभर तुकड्यासह. एकाच गाडीतून एकाच वेळी सगळं आणलं की नंतर एकेका चिल्लर भागासाठी वणवण होत नाही. त्या जोड-ठोकळ्याच्या बोल्टाबद्दल जरा जास्त लिहितो: तो पोकळ आहे. हौसिंगची हवा त्यातूनच बाहेर पडते. तिथे साधा बोल्ट मारला तर ऑइल तापल्यावर आत दाब साठतो, आणि तो दाब सीलमधून वाट काढतो. मग माणूस सीलला दोष देत बसतो.

१९ जानेवारी

धुण्याचा दिवस. तारेचा ब्रश, खरवडणी, डिझेल. मातीखाली नळ्या सरळ आणि निरोगी निघाल्या. झाकण उघडलं. तळाच्या चुंबकावर राखाडी पेस्ट होती, ती चालते. टोकदार कण किंवा दाताचा टवका नव्हता.

क्राऊनचे ४१ दात, पिनियनचे ११. या दोन आकड्यांना समान विभाजक नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला कधी ना कधी भेटतो आणि झीज सारखी पसरते. दातांवरचा घासल्याचा पट्टा निवांत पाहिला: मधोमध, कडांपासून सुटा, दोन्ही अंगांनी एकसारखा. डायल गेजवर बॅकलॅश ०.२८ मिमी आला, क्राऊनवर वेगवेगळ्या जागी मोजला तरी जवळपास तोच. ०.२ ते ०.३८ च्या मधे असलं की या एक्सलला ठीक. या जोडीला आता मी हात लावणार नाही.

२५ जानेवारी

एक्सल शाफ्ट काढले. पद्धत अशी. झाकण उघडल्यावर डिफरन्शियलच्या पोटात आडवी पिन दिसते, तिला धरून ठेवणारा बारीक लॉक बोल्ट आधी काढायचा. हा बोल्ट मोडण्यासाठी प्रसिद्ध आहे. घाई न करता आधी गरम हवा, मग सरळ बसणारा सहा कोनी सॉकेट, आणि सावकाश जोर. तो सुटला की पिन सरकते, शाफ्ट आत ढकलता येतो, आणि त्याच्या टोकावरची सी आकाराची क्लिप गळून पडते. लिमिटेड स्लिपमध्ये दोन बाजूच्या गिअरांच्या मधे एस आकाराची जाड स्प्रिंग बसलेली असते. ती ताणाखाली असते, म्हणून तोंड समोर आणायचं नाही आणि गॉगल काढायचा नाही.

आता या कामातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी. या एक्सलमध्ये चाकाच्या बेअरिंगला आतली रिंग नसते, रोलर थेट शाफ्टच्या अंगावर पळतात. म्हणजे शाफ्ट हाच बेअरिंगचा अर्धा भाग. बेअरिंग नवीन घातलं आणि शाफ्ट खराब असला तर नवीन बेअरिंगही तसंच वाजायला लागतं. दोन्ही शाफ्ट पुसून उजेडात धरले. उजव्या शाफ्टवर रोलरचा पट्टा आरशासारखा गुळगुळीत होता. डाव्या शाफ्टवर पट्टा थोडा धुरकट दिसला, म्हणून त्यावरून आडवं नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही. व्हर्निअरने पट्ट्यावरचा आणि शेजारच्या न झिजलेल्या जागेचा व्यास ताडून पाहिला, फरक वाचता येईल एवढाही नाही. दोन्ही शाफ्ट ठेवतोय. नख अडलं असतं तर दोनच उपाय होते: दुसरा शाफ्ट, किंवा ज्याचे रोलर थोडे बाहेर सरकून कोऱ्या जागेवर पळतात असं दुरुस्तीचं बेअरिंग.

चाकाची दोन्ही बेअरिंगं आणि सील मात्र नवीनच घालणार. सील म्हातारं आहे की तरुण हे बाहेरून कळत नाही, आणि ते गळलं तर ऑइल थेट ब्रेकवर जातं.

२६ जानेवारी

आज एकच काम, पिनियनचं सील, आणि दिवसभर तेच.

हे सील बदलायचं तर पिनियनचा मोठा नट काढावा लागतो. त्या नटाखाली, दोन बेअरिंगांच्या मधे, चुरडणारी नळी असते. कारखान्यात नट आवळताना ती नळी ठरावीक इतकी चुरडली जाते आणि त्यातून बेअरिंगवर नेमका ताण बसतो. नट परत लावताना जास्त आवळला तर नळी आणखी चुरडते, ताण वाढतो, बेअरिंग तापून जातं, आणि नट सैल करून ते परत मिळत नाही. नवीन नळी घालायची म्हणजे पिनियन बाहेर, म्हणजे जे टाळायला हा एक्सल अखंड आणला तेच काम दारात.

म्हणून आधी मोजमाप. शाफ्ट बाहेर आहेत, ब्रेक नाहीत, म्हणजे फिरायला अडवणारं फक्त बेअरिंग आणि सील. छोट्या काट्याच्या टॉर्क रेंचने पिनियन सावकाश, एकसारखा फिरवला आणि लागणारा जोर वहीत लिहिला. मग नट, पिनियनचं टोक आणि चकती, तिघांवर एका रेषेत पंचने ठिपके. नटाबाहेर किती आटे दिसतात तेही मोजलं. नट काढला, चकती ओढून घेतली, जुनं सील टोचून बाहेर. चकतीच्या ज्या अंगावर सीलचा ओठ घासतो तिथे बारीक खाच होती, पण नखाला न लागणारी. बारीक पॉलिश पेपरने गोलाकार साफ केली. नवीन सील चौफेर सारखं ठोकत बसवलं, ओठाला ऑइल लावलं.

नट नवीन घेतला, आट्यांवर सीलंट लावून चढवला. जुन्या खुणांच्या जवळ आल्यावर दर वेळी अगदी थोडा आवळायचा, पिनियन चार-सहा फेऱ्या फिरवून बेअरिंग जागेवर बसू द्यायचं, मग परत जोर मोजायचा. ठिपके जुळले तेव्हा काटा आधीच्या आकड्यापेक्षा किंचित खाली होता. आणखी एक हलका झटका दिला, काटा आधीच्या आकड्याच्या केसभर वर आला. तिथेच थांबलो. हवा मारून नट पिळणाऱ्या गनने हे काम करणाऱ्यांना हा आकडा कधीच कळत नाही. या एका नटावर पुढची काही वर्षं अवलंबून आहेत.

१ फेब्रुवारी

खालच्या जुन्या बैठका कापल्या. पातळ कटिंग डिस्कने वेल्डच्या अलीकडून कापायचं, उरलेला कडा घासणाऱ्या डिस्कने नळीपर्यंत उतरवायचा. नळीत खाच पडू द्यायची नाही, तिथूनच पुढे तडा जातो. हौसिंगची सगळी तोंडं चिंध्यांनी आणि टेपने बंद होती, ग्राइंडरची धूळ बेअरिंगला विषच.

२ फेब्रुवारी

जुना एक्सल खाली. पण उतरवण्याआधी तो गाडीवर असताना सगळी मापं घेतली, ही मापं नंतर कुठूनच मिळत नाहीत:

दोन्ही पाट्यांच्या मध्यांतलं अंतर, पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून एक्सलच्या नळीपर्यंत दोन्हीकडे, गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाचा उतार, प्रोपेलर शाफ्टचा उतार, आणि स्लिप योक (शाफ्टचं पुढे-मागे सरकणारं टोक) गिअरबॉक्समध्ये किती आत आहे ते. सगळी मापं गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी असताना. स्टँडवर मागचं धूड लटकतं तेव्हा पाटे सरळ होत नाहीत आणि कोन खोटे येतात.

पाटे ६३.५ मिमी रुंद, म्हणजे अडीच इंच. त्या मापाच्या आणि ८२.५ मिमी नळीच्या गोलाईच्या बैठका तयार मिळतात, त्या विकत आणल्या. पट्टी वाकवून घरी करता आल्या असत्या, पण गोलाई नळीला पूर्ण टेकली नाही तर वेल्डवर सगळा भार येतो. तेवढ्या पैशांसाठी मी तो धोका घेत नाही.

८ फेब्रुवारी

एक्सल गाडीखाली सरकवला. बैठका नुसत्याच नळीवर ठेवलेल्या, पाट्यांचे सेंटर बोल्ट त्यांच्या भोकांत, यू-बोल्ट हाताने लावलेले.

एक्सल मधोमध आणताना डिफरन्शियलच्या फुगवट्याकडे बघून चालत नाही. या हौसिंगमध्ये पिनियन मधोमध नाही, तो उजवीकडे सरकलेला आहे, आणि म्हणून डाव्या-उजव्या शाफ्टची लांबीही वेगळी. मापं घ्यायची ती नळ्यांच्या टोकांना ब्रेक जिथे बसतात त्या चकत्यांपासून, दोन्हीकडे पाट्याच्या मध्यापर्यंत. दोन्ही बाजू एक मिलिमीटरच्या आत आणल्या.

मग कोन. पाट्यांच्या गाडीत इंजिनाचा जोर आला की पाटे किंचित पिळतात आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (कोनात फिरू देणारे सांधे) एकमेकांची लय खोडून काढतात, पण त्यासाठी दोन्हीकडचे कोन सारखे लागतात, म्हणजे गिअरबॉक्सची रेषा आणि पिनियनची रेषा समांतर लागते. हे समांतरपण जोर असताना हवं. म्हणून उभ्या गाडीत पिनियनचं नाक समांतरपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवायचं.

माझी मापं: गिअरबॉक्स मागे ३.५ अंश खाली उतरतोय. समांतर म्हणजे पिनियनचं नाक ३.५ अंश वर. मी २ अंशांवर ठेवलं. शाफ्टचा उतार ५.५ अंश, म्हणजे पुढचा क्रॉस २ अंशांवर, मागचा उभ्या गाडीत ३.५ वर, आणि जोर आल्यावर दोनाच्या जवळ येणार. क्रॉस पूर्ण शून्य अंशावरही नको असतो, थोडा कोन असला तरच आतल्या सुया फिरत राहतात आणि एकाच जागी खड्डा पाडत नाहीत.

शाफ्ट तात्पुरते आत घालून चाकं लावली, गाडी जमिनीवर टेकवली, पुढे-मागे हलवून पाटे बसू दिले, कोन परत मोजला. दोन अंशच. मग प्रत्येक बैठकीला चार टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे टाके. टॅक मारल्यावरही परत मोजलं.

स्लिप योक जुन्या एक्सलच्या मानाने थोडं आत गेलंय, तरी तळाला टेकायला तीन सेंटिमीटर बाकी आहेत. शाफ्ट कापायची गरज नाही. शाफ्टच्या चकतीची चारही भोकं पिनियनच्या चकतीला बसली. क्रॉस मात्र दोन्ही नवीन घातले.

९ फेब्रुवारी

एक्सल परत खाली काढून पूर्ण वेल्डिंग. गाडीखाली झोपून वेल्ड करण्यात अर्थ नाही: जागा अवघड, ठिणग्यांच्या डोक्यावर पेट्रोलची टाकी, आणि वेल्ड नीट दिसत नाही.

अर्थिंगचा चिमटा बैठकीच्या अगदी जवळ नळीलाच लावला. तो दूर लावला तर करंट बेअरिंगमधून आणि दातांमधून वाट शोधतो, आणि तिथे बारीक डाग पडतात. कोरडे ठेवलेले लो-हायड्रोजन रॉड वापरले. एका वेळी फार तर तीन सेंटिमीटर वेल्ड, मग दुसऱ्या बाजूला, मग समोरासमोर, मधे नळीला हात लावून अंदाज. एका दमात पूर्ण शिवण मारली तर नळी त्या अंगाला ओढली जाते आणि चाकं वाकडी बसतात. थंड होऊ द्यायचं ते हवेवर. पाणी मारलं की वेल्ड ठिसूळ होतो. यातच संध्याकाळ झाली, पण इथे वेळ देणं म्हणजेच पैसे वाचवणं.

मधल्या ओतीव भागात नळ्या दाबून बसवलेल्या असतात आणि काही ठिकाणी भोकं पाडून वेल्डने भरलेल्या असतात. बरेच जण तिथे चौफेर वेल्ड मारतात, म्हणजे नळी ओतीव भागात फिरू नये. मी तो वेल्ड मारला नाही. ओतीव भागाला आधी नीट तापवून निकेलचा रॉड वापरावा लागतो, नळी ओढली जाण्याचा धोका असतो, आणि साध्या इंजिनाच्या, साध्या टायरच्या गाडीत नळी फिरायचं कारण नाही. मोठे टायर लावून दगडांवर चढवायची गाडी असती तर मी वेगळा विचार केला असता.

१५ फेब्रुवारी

नळ्या सरळ आहेत का ते पाहिलं. यंत्राशिवायची पद्धत: दोन्ही शाफ्ट तात्पुरते आत घालून त्यांच्या चकत्यांना दोन लांब, खात्रीच्या सरळ पट्ट्या बांधायच्या आणि त्यांच्या पुढच्या टोकांतलं आणि मागच्या टोकांतलं अंतर मोजायचं. नंतर पट्ट्या उभ्या करून वर-खाली तेच. फरक एक मिलिमीटरच्या आसपास आला, पट्ट्या मीटरभर लांब असताना. यावर मी समाधानी आहे.

बेअरिंग, सील, शाफ्ट, क्लिपा, एस स्प्रिंग, पिन. लॉक बोल्ट नवीन, आट्यांवर लॉकिंग द्रव. झाकण, सीलंट, रंग.

१६ फेब्रुवारी

एक्सल कायमचा चढला. यू-बोल्ट नवीन, कारण नळी जाड आहे आणि कारण आवळून ताणलेला यू-बोल्ट परत वापरायचा नसतो. चारही नट कोपऱ्यासमोर कोपरा असे थोडे थोडे आवळत मॅन्युअलच्या टॉर्कपर्यंत नेले. डोळ्याच्या बोल्टपासून नळीपर्यंतची दोन्ही अंतरं जुन्या वहीतल्या आकड्यांशी जुळली.

ऑइल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेच्या किंचित खालपर्यंत भरलं, अडीच लिटरच्या जवळ गेलं. लिमिटेड स्लिपसाठीचा फ्रिक्शन मॉडिफायर त्यात घातला. तो विसरला तर वळणावर चकत्या अडकून सुटतात आणि मागून कर्रकर्र येते.

२२ फेब्रुवारी

ब्रेक. या भागात मी एकही जुना रबरी भाग ठेवला नाही. होज नवीन, कॅलिपरचे रबर नवीन, पॅड आणि डिस्क नवीन. हँडब्रेक डिस्कच्या मधल्या टोपीत बसलेल्या छोट्या ड्रमवर काम करतो, त्याच्या शूचं अस्तर चांगलं होतं, ते ठेवलं. एक्सप्लोररच्या मागच्या केबल्स माझ्या पुढच्या केबलला जोडून ताण जुळवला.

ड्रमवरून डिस्कवर जाताना दोन शंका सोडवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. पहिली, ड्रमच्या गाड्यांत काही वेळा मागच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते, दहा पीएसआयच्या आसपास. डिस्कला तेवढा दाब राहिला तर पॅड कायम घासत राहतात. ब्रेकची हवा काढल्यावर पेडल जोरात दाबून सोडलं आणि गिअर न्यूट्रलला ठेवून मागची चाकं हाताने फिरवली. मोकळी फिरली. दुसरी शंका जास्त गंभीर: मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होऊ नयेत, नाहीतर गाडी शेपटी फिरवते. ती उद्या मोकळ्या मैदानात तपासायची.

२३ फेब्रुवारी

मैदान रिकामं, हौद रिकामा, वेग कमी. एबीएसचा फ्यूज काढून, दर वेळी थोडा जास्त जोर देत ब्रेक दाबले. धाकटा भाऊ बाहेर उभा राहून चाकांकडे बघत होता. “दादा, पुढचीच आधी थांबतायत,” असं त्याने दर वेळी सांगितलं, ओल्या मातीवरही. मागची आधी थांबली असती तर मागच्या लाइनमध्ये दाब कमी करणारी, हाताने जुळवता येणारी झडप बसवायची होती. ती लागली नाही. फ्यूज परत जागेवर.

मग रस्त्यावर. पहिला अर्धा तास सावकाश, मग थांबून डिफरन्शियलला हात लावून पाहिला: कोमट. पिनियनकडची बाजू पटकन हात काढावा लागेल एवढी तापली असती तर नट जास्त आवळला गेलाय असं समजायचं. आवाज गेला. अॅक्सिलरेटर सोडल्यावर आता फक्त टायर ऐकू येतात. कंपनं कुठल्याच वेगाला नाहीत, म्हणजे कोन जमला.

वेगाच्या काट्याची काळजी करायची गरज पडली नाही. माझ्या गाडीत वेगाचा सिग्नल डिफरन्शियलच्या डोक्यावरच्या सेन्सरमधून येतो, आणि तो क्राऊनसोबत फिरणाऱ्या दातेरी रिंगवरून थेट चाकाचा वेग वाचतो. गुणोत्तर बदललं तरी काटा खोटं बोलत नाही. ज्या गाड्यांत सिग्नल गिअरबॉक्समधून येतो त्यांना मात्र काटा नव्याने जुळवावा लागतो.

८ मार्च

यू-बोल्ट परत तपासले. अपेक्षेप्रमाणे थोडे सैल होते. बैठका, पाटे आणि नवीन बोल्ट एकमेकांवर बसतात तेव्हा असं होतंच. टॉर्कवर आणले. हे एकदा केल्याशिवाय या कामावर माल लादायचा नाही.

ऑइल काढून पाहिलं. सुरुवातीची बारीक पेस्ट, तुकडा नाही. नवीन ऑइल आणि मॉडिफायर. पिनियनचं सील कोरडं, चाकांकडची सीलं कोरडी, वेल्डच्या कडांना रंगात बारीक रेघसुद्धा नाही. वजन घेऊन नेहमीचा चढ चढलो. आधी जिथे तिसऱ्यात उतरावं लागायचं तिथे चौथा पुरला.

जुन्या एक्सलचे ड्रम, नळ्या आणि दोन्ही शाफ्ट चांगले आहेत, ते ज्याला हलक्या रेंजरसाठी लागतील त्याला देऊन टाकायचे आहेत. क्राऊन-पिनियन भंगारात. पुढचं काम पाट्यांचे बुश, पुढच्या डोळ्यातला डावा बुश फाटायला लागलाय.